मोठा टर्बो बसवला आणि गाडीचं पिकअपच गेलं, आता शोधायचं कुठे?

टर्बो मोठा बसवला, नवीन मॅप (म्हणजे इंजिनच्या कम्प्युटरमधली सेटिंगची फाइल) टाकला, गॅरेजवाल्याने "आता बघा कशी पळते" म्हणत चावी हातात दिली, आणि पाय दाबला तर गाडी आधीपेक्षा मठ्ठ. ही तक्रार हल्ली बरीच ऐकू येते, कारण ऑक्टेव्हिया, सुपर्ब, पोलो असल्या गाड्या सेकंडहँड बाजारात आवाक्यात आल्यात, टर्बोचे किट घरपोच मिळतात, आणि पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून गाडी जरा ढेपाळली की लोक पहिला संशय इथेनॉलवर घेतात आणि दुसरा टर्बोवर. बऱ्याचदा दोन्ही संशय चुकीचे निघतात. तोवर टर्बो परत पाठवून झालेला असतो, दोन गॅरेज बदलून झालेली असतात, आणि शेवटी सापडतो काय तर एक ढिला क्लॅम्प.

उदाहरणाला मी स्कोडाचं १.८ टीएसआय पेट्रोल इंजिन धरतोय, कारण आपल्याकडे टर्बो बदलण्याचा उद्योग या इंजिनवर खूप चालतो आणि त्याची खोड माहितीची आहे. पण बाकी गाड्यांनाही हेच लागू पडतं, डिझेलचं थोडं वेगळं आहे ते खाली येईलच.

टर्बो पॉवर बनवत नाही

इंजिन पॉवर बनवतं ते पेट्रोल जाळून, आणि एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे खरी टंचाई हवेचीच असते, पेट्रोल काय हवं तेवढं ओतता येतं. टर्बो एवढंच करतो की सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनमध्ये कोंबतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तत्त्व आजही तेच. हा दांडा मिनिटाला लाखभर, कधी दोन लाखांच्या आसपास फेरे मारतो, म्हणून त्याला तेलाचा पुरवठा क्षणभरही थांबलेला चालत नाही.

वातावरणाच्या दाबाच्या वर जो जादा दाब टर्बो तयार करतो त्याला बूस्ट म्हणतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार, म्हणजे १ बार बूस्ट मिळाला तर इंजिनला दुप्पट दाबाची हवा मिळते. गॅरेजमध्ये हेच पीएसआयमध्ये बोलतात, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

लोहाराचा भाता डोळ्यासमोर आणा. छोटा भाता पटकन भरतो, पटकन फुंकतो, पण भट्टी मोठी असेल तर त्याची फुंकर पुरत नाही. मोठा भाता भरायला वेळ लागतो, भरल्यावर मात्र भट्टी पेटून उठते. आता मोठा भाता आणला पण कातड्याला भोक आहे, किंवा भट्टीत कोळसा तेवढाच आहे, किंवा वारा जायची नळी जुनी बारीकच ठेवली, तर लोहार भात्याला शिव्या घालून काय उपयोग? टर्बो बदलल्यावर पॉवर न मिळण्याची बहुतेक कारणं या तिनातच बसतात. एकच कारण उरतं जे भात्याकडे नसतं आणि गाडीत असतं, ते म्हणजे कम्प्युटर. तो मध्येच म्हणतो "बास, एवढं पुरे."

"पॉवर गेली" म्हणजे नेमकं काय होतंय?

गॅरेजमध्ये जाऊन "पिकअप नाही" एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजपंचे पार्ट बदलणार, त्याचाही दोष नाही. आधी गाडी नक्की काय करते ते बघा.

१.८ टीएसआयमध्ये कंपनीकडून आयएस१२ नावाचा छोटा टर्बो येतो, त्याच्या जागी लोक आयएस२० किंवा थेट आयएस३८ बसवतात, जो ऑडी एस३ आणि गोल्फ आर वर येतो. छोटा टर्बो १५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला १५०० फेरे मारत असताना, जागा होतो. मोठा टर्बो त्या आरपीएमला झोपलेलाच असतो, इंजिन वर गेल्यावर तो दाब धरतो. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही दिवसभर दोन हजारच्या खालीच चालवत असाल तर गाडी खरोखर आधीपेक्षा मंद वाटणार आणि तिच्यात काहीही बिघाड नसणार. हा मोठ्या टर्बोचा स्वभाव आहे. शहरात चालवायच्या गाडीला सगळ्यात मोठा टर्बो लावणं हा माझ्या मते पैसे देऊन विकत घेतलेला वैताग आहे, पण तो वेगळा विषय.

वरच्या आरपीएमलाही गाडी उचलत नसेल तर मात्र तपास सुरू करायचा. अचानक कुणी ब्रेक लावल्यासारखी पॉवर तुटते आणि गाडी बंद करून परत चालू केल्यावर ठीक होते, हा कम्प्युटरने घेतलेला बचावाचा पवित्रा आहे, त्याला लिंप मोड म्हणतात. आरपीएमचा काटा वर पळतो पण स्पीड त्या मानाने वाढत नाही, तर इंजिन ठणठणीत आहे आणि क्लच घसरतोय, जादा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, जुन्या क्लचला झेपत नाही एवढंच. पहिल्यांदा पाय दाबला की मस्त, तिसऱ्या वेळी मरगळ, हे गरमीचं लक्षण. मध्येच अडखळत, फटफट करत जाते तर ठिणगी किंवा पेट्रोल. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी मंद, शिट्टी किंवा फुस्स आवाज येतोय, तर हवा कुठेतरी बाहेर जातेय.

मागितलं किती आणि मिळालं किती

आता खरी गोष्ट. या सगळ्या तपासाचा गाभा दोन आकड्यांत आहे आणि ते आकडे तुमच्या गाडीतच असतात.

ईसीयू, म्हणजे इंजिनचा कम्प्युटर, दर क्षणाला ठरवतो की आत्ता मला एवढा बूस्ट हवा, पेट्रोलचा एवढा दाब हवा, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण असं हवं. आणि सेन्सर त्याला सांगत असतात की प्रत्यक्षात किती मिळालं. ओबीडी सॉकेटला (स्कॅनर जोडायची गाडीतली जागा) व्हीसीडीएस किंवा तसलं एखादं चांगलं उपकरण लावून हे दोन्ही आकडे एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात, त्याला लॉग काढणं म्हणतात. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारपासून वरपर्यंत पूर्ण पाय दाबून एक लॉग काढला की अर्धा निकाल लागतो. हे काम डायनोवर करा, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून मोजतात ते मशीन, नाहीतर रीतसर ट्रॅकवर. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे ही त्याची जागा नाही, तिथे कारला १०० ची मर्यादा आहे आणि आता कॅमेरेही आहेत.

लॉग वाचायची पद्धत सोपी आहे. कम्प्युटरने १.५ बार बूस्ट मागितला आणि ०.९ मिळाला, तर दोष लोखंडात, रबरात किंवा बसवण्यात आहे. कम्प्युटरने मागितलेच मुळी ०.९, आणि मिळालेही ०.९, तर टर्बो, पाइप, क्लॅम्प सगळं निर्दोष, प्रश्न असा की कम्प्युटर कमी का मागतोय. आणि मागितले १.५, मिळाले १.५, तरी गाडी मंद, तर हवा येतेय पण ती नीट जळत नाहीये. तीन वाटा झाल्या आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशेला जातात. लॉग न काढता टर्बो खोलायला सांगणारा गॅरेजवाला भेटला तर मी तरी गाडी तिथे सोडणार नाही.

मागितलं तेवढं मिळत नाही : हवा जाते कुठे?

सगळ्यात आधी पाइप. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाडजूड होज आणि पाइपांची रांग असते (इंटरकूलर म्हणजे दाबलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर). टर्बो बदलताना हे सगळं काढून परत लावलेलं असतं. एखादा क्लॅम्प तिरका बसतो, ओ-रिंग चिमटते, जुना होज खालच्या बाजूने चिरलेला असतो आणि तो दाबाखालीच उघडतो, गाडी उभी असताना अगदी नवाकोरा दिसतो. म्हणून नुसतं बघून "पाइप ओके आहेत" म्हणण्याला काही अर्थ नाही. टर्बोच्या तोंडाला बूच लावून कॉम्प्रेसरने हळूहळू दाब भरायचा आणि साबणाचं पाणी मारायचं, किंवा स्मोक मशीन लावायचं, गळती असेल तिथून बुडबुडे नाहीतर धूर बाहेर येतोच. दाब बेताचाच ठेवावा लागतो, जास्त भरला तर इंजिनच्या सील निसटतात, त्यामुळे घरी सायकलच्या पंपाने प्रयोग नको, ज्याला सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

इथे एक बारीक गंमत आहे. जुन्या १.८ टी ऑक्टेव्हियासारख्या गाड्यांत टर्बोच्या आधी हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याला एमएएफ म्हणतात. तो हवा मोजतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल टाकतो, आणि मग वाटेत हवा गळते. म्हणजे पेट्रोल पूर्ण हवेचं आणि हवा अर्धी, परिणाम काळा धूर आणि पेट्रोलचा वास. नवीन टीएसआयमध्ये हवा मोजायची ती इंजिनच्या तोंडाशी, दाबावरून. तिथे गळती असली तरी मिश्रण साधारण बरोबर राहतं, धूर दिसत नाही, टर्बो मात्र बिचारा जास्त फिरून भरपाई करत राहतो आणि तापतो. त्यामुळे "धूर नाही म्हणजे गळती नाही" हे नवीन गाडीला लागू नाही. एमएएफवाल्या गाडीत मोठ्या व्यासाचा इनटेक पाइप लावला तर सेन्सरचा हिशोबच चुकतो आणि मॅप परत करावा लागतो, हेही बरेच जण विसरतात.

पाइपनंतर वेस्टगेट. टर्बोने हद्दीबाहेर दाब करू नये म्हणून धुराला पळवाट देणारं एक झाकण असतं, ते वेस्टगेट, आणि त्याला उघडझाप करणारा हात म्हणजे ॲक्च्युएटर. त्या हाताला थोडा ताण देऊन बसवावं लागतं. ताण कमी राहिला तर झाकण लवकर उघडतं, धूर चक्र न फिरवता निसटतो आणि बूस्ट चढत नाही. आयएस२०, आयएस३८ वर हा हात विजेवर चालतो, आणि टर्बो बसवल्यावर स्कॅनरमधून त्याचं बेसिक सेटिंग करून द्यावं लागतं, म्हणजे झाकण पूर्ण बंद कुठे आणि पूर्ण उघडं कुठे हे ईसीयूला शिकवायचं. ही पायरी गाळलेल्या गाड्या किती असतील सांगता येत नाही, नटबोल्ट आवळले की काम झालं असं समजणारे बरेच असतात. जुन्या गाड्यांत व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि एन७५ नावाचा व्हॉल्व्ह असतो, तिथे नळ्यांची अदलाबदल झाली तरी हाच प्रकार.

तिसरी जागा टर्बोच्या अलीकडची, म्हणजे इंजिन आणि टर्बोमधली गॅस्केट. तिथून धूर गळला तर चक्र फिरवणारी ताकदच कमी होते. गार इंजिनला टिकटिक आवाज येतो, गरम झाल्यावर धातू फुगून आवाज थांबतो, आणि जोडाभोवती काजळीचा पट्टा दिसतो.

आणि हसू नका, पण कोंबलेला कापडाचा बोळा. टर्बो काढल्यावर उघड्या पाइपात कचरा जाऊ नये म्हणून मिस्त्री फडकं कोंबतात, चांगली सवय आहे, फक्त ते परत काढायचं असतं. जुना टर्बो फुटून बदलला असेल तर त्याचे तुकडे आणि तेल इंटरकूलरमध्ये बसलेलं असतं, इंटरकूलर काढून धुतल्याशिवाय नवीन टर्बो लावणं म्हणजे त्यालाही त्याच रस्त्याने पाठवणं.

तेलाचंही याच ओघात सांगतो. नवीन टर्बो चालू करायच्या आधी त्यात तेल भरून घ्यावं लागतं, आणि परतीची तेलनळी सरळ खाली उतरणारी हवी. ती वाकडी किंवा दबलेली असेल तर तेल टर्बोत तुंबतं आणि सीलमधून बाहेर येतं, मग निळा धूर दिसतो आणि सगळे म्हणतात टर्बो खराब निघाला. तेलाच्या जोडांना लिक्विड गॅस्केट फासणाऱ्याला तर तिथेच थांबवा, त्याचा सुटलेला एक तुकडा तेलाची वाट बंद करायला पुरतो आणि लाख फेऱ्यांनी फिरणारा दांडा तेलाशिवाय जळायला वेळ लागत नाही.

बूस्ट गेज तर पूर्ण दाखवतोय, मग?

हा आक्षेप हमखास येतो आणि चांगला आहे. गेज दाब दाखवतो, किती किलो हवा आत गेली ते दाखवत नाही. पुढे अडथळा असला तर हवा कमी जाऊनही दाब पूर्ण दिसतो. कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) वितळून तुंबला असेल तर नेमकं हेच होतं, इंजिनचा श्वास बाहेरच पडत नाही. हवा गरम असेल तरीही तेच, कारण गरम हवा विरळ असते.

उन्हाळ्यात नागपूरला ४५ अंश असताना हवा १५ अंशाच्या हवेपेक्षा जवळजवळ नऊ टक्के विरळ असते, हा साधा तापमानाचा हिशोब आहे. आता तीच हवा टर्बोने दुप्पट दाबली की ती तापून साधारण १४५ अंशांवर जाते. कंपनीचा इंटरकूलर छोट्या टर्बोच्या हिशोबाने दिलेला असतो. पहिल्या वेळी तो थंड असतो म्हणून निभावतो, दोन-तीन वेळा पाय दाबला की तोच भट्टी होतो. लॉगमध्ये इनटेकचं तापमान दर वेळी चढत जाताना दिसलं तर टर्बोला हात लावू नका, इंटरकूलर मोठा करा.

महाबळेश्वरला गेल्यावर गाडी मंद वाटते त्यातही काही गूढ नाही. साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. गेज तोच १ बार दाखवेल पण तो त्या विरळ हवेच्या वरचा १ बार, एकूण दाब कमीच.

हवा आहे, पेट्रोल पुरतंय का?

टर्बो मोठा म्हणजे हवा जास्त, म्हणजे पेट्रोलही जास्त. टीएसआयमध्ये एक पंप टाकीत असतो आणि दुसरा इंजिनवर, तो दुसरा पंप २०० बारपर्यंत दाब तयार करून थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारतो. लॉगमध्ये २०० मागितले आणि वरच्या आरपीएमला १३० वर घसरले, तर पंपाची ताकद संपली. ईसीयूला हे कळतं आणि तो पॉवर कापतो, कापायलाच हवी, कारण जास्त हवा आणि कमी पेट्रोल अशा मिश्रणाने पिस्टन वितळतो.

ई२० चा प्रश्न इथे येतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, एक किलोला साधारण ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त टाकावं लागतं, ई२० साठी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत वजनाने आठ-नऊ टक्के जास्त. साध्या गाडीत ईसीयू हे सांभाळून घेतो. पण तुमचा पंप आणि इंजेक्टर आधीच काठावर चालत असतील तर हे आठ-नऊ टक्के कुठून आणणार? परदेशातून मागवलेला मॅप तिथल्या पेट्रोलवर बेतलेला असतो, तो इथे टाकला की नेमका हा घोळ होतो. दुसरी बाजूही सांगायला हवी, इथेनॉलचं ऑक्टेन (म्हणजे वेळेआधी स्वतःहून न भडकण्याची क्षमता) जास्त असतं आणि त्याची वाफ होताना ते हवा थंड करतं, म्हणजे टर्बो गाडीला ते तत्त्वतः फायद्याचंच आहे, पंप मोठा असेल आणि मॅप त्यासाठी केला असेल तर. तेव्हा "ई२० ने टर्बो मारला" असं सरसकट म्हणणं चूक, आणि "काही फरक पडत नाही" म्हणणंही चूक.

ठिणगी विझते

दाब वाढला की स्पार्क प्लगच्या फटीतून ठिणगी उडवणं अवघड होतं. जुन्या प्लगची फट घासून वाढलेली असते, साध्या गाडीत ते चाललं, मोठ्या बूस्टला ठिणगी विझते आणि गाडी अडखळते. नवीन प्लग, फट थोडी कमी, ०.७ मिमीच्या आसपास, आणि कॉइल संशयास्पद असेल तर बदला. संपूर्ण यादीतला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, तरी लोक शेवटी करतात.

कम्प्युटरच कमी मागतोय, का?

दुसरी वाट, जी गॅरेजमध्ये कुणाला सापडत नाही कारण तिथे तुटलेलं काहीच नसतं.

एक, नॉकिंग. मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा नको तिथे स्वतःहून भडकलं की सिलिंडरमध्ये हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. सेन्सर तो ऐकतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो, त्याने इंजिन वाचतं पण ताकद जाते. लॉगमध्ये एखाद्या सिलिंडरला सतत चार-पाच अंश मागे ओढलेलं दिसलं तर पेट्रोल हलकं, हवा गरम किंवा मॅप हावरट, यापैकी काहीतरी आहे. एकदा चांगलं जादा ऑक्टेनचं पेट्रोल भरून लॉग परत काढला की कळतं.

दोन, मोजायची पट्टीच अपुरी. काही गाड्यांचा दाब मोजणारा सेन्सर एकूण २.५ बारपर्यंतच मोजतो. तुम्ही त्याच्या वर गेलात की ईसीयूला आकडा कळत नाही, तो घाबरून सगळं बंद करतो. मोठ्या क्षमतेचा सेन्सर आणि त्याप्रमाणे मॅप, दोन्ही लागतं.

तीन, गिअरबॉक्स. याकडे लक्षच जात नाही. भारतात आलेल्या १.८ टीएसआय सुपर्बचे आकडे आठवा, इंजिन तेच, १८० पीएस, पण मॅन्युअलला ३२० न्यूटन-मीटर टॉर्क आणि डीएसजी ऑटोमॅटिकला २५०. कारण तो सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी २५० च्याच क्षमतेचा आहे. ऑक्टेव्हियातही तोच गिअरबॉक्स. त्याचा स्वतःचा कम्प्युटर असतो, आणि टॉर्क जास्त झाला की तो इंजिनला सांगतो कमी कर. तुम्ही इंजिनचा मॅप बदलला, गिअरबॉक्सचा नाही, म्हणजे एक जण ओढतोय आणि दुसरा लगाम खेचतोय. आणि गिअरबॉक्सचाही मॅप बदलून मर्यादा उठवली तर लगाम सुटतो पण आतले क्लच तेच राहतात, त्यांची किंमत विचारून मग ठरवा.

चार, अगदी साधं, मॅपच चुकीचा. आयएस१२ चा मॅप ठेवून आयएस३८ चालवलं तर ईसीयू छोट्या टर्बोच्याच हिशोबाने मागणी करत राहणार.

स्कॅनरमध्ये एकही कोड नाही म्हणतात

कोड म्हणजे ईसीयूने नोंदवलेली तक्रार. पी०२९९ आला तर बूस्ट कमी पडला, पी०२३४ म्हणजे बूस्ट हद्दीबाहेर, पी००८७ म्हणजे पेट्रोलचा दाब कमी, पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये मिसफायर. कोड नसला म्हणजे दोष नाही असं होत नाही, कारण ठराविक मर्यादेपलीकडे फरक ठराविक वेळ टिकला तरच कोड पडतो. शिवाय काही ट्यूनर, म्हणजे मॅप बनवणारे, कटकट नको म्हणून मॅपमध्ये कोडच बंद करून ठेवतात. त्याला सरळ विचारा, कोणते कोड बंद केलेत. उत्तर टाळलं तर समजून जा.

डिझेलवाल्यांचं

डिझेलमध्ये ठिणगी नाही, पेट्रोलचं नॉकिंग नाही, पण काजळी आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हीजीटी टर्बो असतो, त्यात धुराची दिशा बदलणाऱ्या छोट्या पट्ट्या हलत असतात. काजळीने त्या अडकल्या की एकतर खालचं पिकअप जातं किंवा वर बूस्ट हद्दीबाहेर जाऊन गाडी लिंप मोडमध्ये जाते. गळती असेल तर काळा धूर लगेच दिसतो, त्या बाबतीत डिझेल प्रामाणिक आहे. २०२० नंतरच्या बीएस६ गाडीत धुराची जाळी, म्हणजे डीपीएफ, आधी तपासा, ती भरलेली असेल तर मोठा टर्बोही काही करू शकत नाही. मिस्त्री ती जाळी काढून टाकायचा सल्ला देतील. काढू नका, धूर आपल्याच गल्लीत राहतो आणि गाडी बेकायदेशीर होते ते वेगळंच.

टर्बोच डुप्लिकेट असेल तर?

असू शकतो, बाजारात नकला भरपूर आहेत आणि त्यांच्या चक्राचा समतोल भरवशाचा नसतो. पण हे शेवटी तपासा. तोंडाचा पाइप काढून दांडा बोटाने हलवून बघायचा, पुढे-मागे जाणवण्याइतका हलता कामा नये, आडवा अगदी किंचित हलला तर चालतो, पण पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर संपलं. पाती मोडलेली किंवा टोकं खाल्लेली असतील तरी तेच.

आणि कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. वॉरंटी जाते ती जातेच, विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो. म्हणून ज्यांना रोज रस्त्यावर गाडी वापरायची आहे त्यांना मी मूळ टर्बो ठेवायला सांगतो, आणि ज्यांची ट्रॅकची गाडी आहे त्यांनी काढलेला मूळ टर्बो, त्याचा ॲक्च्युएटर आणि ईसीयूची मूळ फाइल जपून ठेवावी. वरचं सगळं तपासूनही उत्तर सापडलं नाही तर मूळ टर्बो आणि मूळ फाइल लावून एक लॉग काढायचा. तरीही मागितलेलं आणि मिळालेलं जुळत नसेल तर दोष टर्बो बदलायच्या आधीपासून गाडीत होता, आणि जुळलं तर शोध नवीन टर्बो, त्याचं बसवणं आणि त्याचा मॅप एवढ्यावर येऊन थांबतो.